सोनं विरघळलं, पण तळाशी बसेना: भंगार बोर्डांच्या कामातली नेहमीची अडचण

जुन्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांवरचं सोनं आम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) उतरतं, पाणी रंग धरतं, मग त्यात हिराकस (फेरस सल्फेट) किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, बसायची वाट बघायची. साका बसत नाही. किंवा जरासा बसतो आणि सकाळपर्यंत नाहीसा होतो. किंवा बसतो, पण वितळवल्यावर हिशेबाच्या निम्मंही सोनं हाती येत नाही. ई-कचऱ्याच्या कामात नव्याने उतरलेल्यांची ही सर्वांत जुनी तक्रार आहे. खापर बहुतेक वेळा मालावर नाहीतर अ‍ॅसिडवर फुटतं. खरं कारण मात्र जवळजवळ नेहमी कामाच्या क्रमात असतं आणि ते शोधता येतं.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागातली गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम) करणारी कुटुंबं देशभर पसरली आहेत. सोन्या-चांदीच्या गलाईत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण अशा पक्क्या हाताचा माणूसही बोर्डांच्या कामाकडे वळला की सुरुवातीला अडखळतो, आणि त्याचं कारण समजलं की पुढचं निम्मं कोडं सुटतं. २२ कॅरटच्या दागिन्यात १००० भागांपैकी ९१६ भाग सोनं असतं, बाकीचं तांबं-चांदी. तिथे सोनं मुख्य आणि बाकी सगळा मळ. बोर्डात नेमकं उलट आहे. तांबं, कथील, निकेल, लोखंड, काचतंतू आणि प्लॅस्टिक यांच्या ढिगावर सोन्याचा एक पुसटसा थर. दागिन्याची सवय बोर्डाला लावली की सोनं हरवतं. खाली जी कारणं दिली आहेत, ती बहुतेक सगळी याच एका गोष्टीतून निघतात.

म्हणून पहिला नियम: सोनं सापडेपर्यंत काहीही फेकू नका. पाणी, गाळ, फिल्टर पेपर, राख, उरलेले धातूचे तुकडे, सगळं वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठी लावून ठेवा. सोनं उडून जात नाही, ते यांतल्याच एका डब्यात असतं.

हे काम कुठे करायचं

घरात, गच्चीवर, गोठ्यात किंवा दुकानाच्या मागे हे काम करू नका. नायट्रिक आणि धातूची गाठ पडली की निघणारा लालसर तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो हुंगल्यावर लगेच फारसं काही वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे. कित्येक तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं, माणूस रात्री झोपेत गुदमरू शकतो. धूर खेचून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुणारा स्क्रबर नसेल तर बरणीचं झाकणही उघडू नका. शिवाय २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्चक्रण करायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी आणि राज्य मंडळाची संमती हवीच. पुढचं सगळं अशा नोंदणीकृत युनिटमध्ये, रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली काम होतंय असं धरून लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट, जीवावर बेतणारी. सोन्याचं पाणी कधीही अमोनियाने उदासीन करू नका. त्यातून जो साका पडतो तो वाळला की नुसत्या घासण्याने फुटतो. चांदीच्या साक्यात अमोनिया घालून तसाच ठेवला, तरी स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

आधी पाहा: एवढं सोनं होतं का?

शोध सुरू करण्याआधी अपेक्षेचा आकडा तपासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

रॅमच्या किंवा कार्डाच्या कडेला ज्या सोनेरी पट्ट्या असतात त्यांच्यावरचा थर चांगल्या मालात ०.७५ मायक्रॉनच्या आसपास असतो. सोन्याची घनता घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. म्हणजे १ चौरस सेंटिमीटरवर साधारण १.४५ मिलिग्रॅम, आणि १ ग्रॅम सोन्यासाठी जवळपास ७०० चौरस सेंटिमीटर पट्टी. हे झालं पट्ट्यांचं. बोर्डाच्या अंगावर सुटे भाग डकवण्यासाठी जे सोनेरी ठिपके असतात, त्यांच्यावरचा थर बऱ्याचदा ०.०५ मायक्रॉनच असतो. तिथे १ ग्रॅमसाठी सुमारे १ चौरस मीटर सोनेरी क्षेत्र लागतं. डोळ्याला दोन्ही सारखंच पिवळं दिसतं. फरक पंधरा पटींचा आहे.

टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात ७८,९८५ टन लहान विद्युत उपकरणं आणि शिवाय सुमारे ६२ लाख मोबाइल गोळा केले. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळालं. सोन्याचा हिशेब टनाला अर्ध्या ग्रॅमच्याही आत येतो, कारण त्या ढिगात मोबाइल सोडून बाकी घरगुती उपकरणंच फार होती. निवडलेल्या मोबाइल बोर्डांचा टन याच्या कित्येक पट श्रीमंत असतो. पण ‘एका टनात अमुक ग्रॅम’ असा आकडा ऐकला की तो कशाच्या टनात, हे विचारल्याशिवाय माल विकत घेऊ नका.

क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या एक्सआरएफ मशीनचा आकडाही इथे दगा देतो. दागिन्यात आतबाहेर एकच मिश्रण असतं, म्हणून मशीन बरोबर सांगतं. पट्टीवर धरलं की ते वरचा थर आणि त्याखालचं निकेल-तांबं एकत्र वाचून एक टक्केवारी दाखवतं, ती अख्ख्या बोर्डाची नसते. कसोटीचा दगडही इथे तेवढाच निरुपयोगी. खरा आकडा हवा असेल तर लॉटचा भुगा करा, नीट मिसळा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा मिसळा, असं करत लहान नमुना काढा आणि शिसं-टाकणखार घालून मुशीतली अग्निपरीक्षा करून घ्या. हॉलमार्क केंद्रांत सोन्याचा कस ज्या क्युपेल पद्धतीने (शिशासोबत तापवून मळ वेगळा करून) काढतात, तिचंच हे भावंड. नमुना काढण्याचं काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते टाळलं जातं. टाळू नका.

सोनं पाण्यात आहे का? कथिलाची चाचणी

सोनं कुठे आहे ते डोळ्याने ठरवता येत नाही. बोर्डांच्या पाण्यात तांबं इतकं असतं की त्याचा हिरवा रंग सोन्याचा पिवळा झाकून टाकतो. म्हणून चाचणी स्टॅनस क्लोराइडची. शुद्ध कथिलाचा तुकडा गरम हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवा आणि थोडं कथील न विरघळता बाटलीत तसंच राहू द्या, त्याने द्रव जास्त दिवस टिकतो. कानकाडीवर किंवा फिल्टर पेपरवर तपासायच्या पाण्याचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. जांभळा ते काळा रंग आला की पाण्यात सोनं आहे. १७ व्या शतकातले जर्मन वैद्य आंद्रेआस कॅसिअस यांच्या नावाने हा जांभळा रंग ओळखला जातो. काचेला माणकासारखा लाल रंग देण्यासाठीही तो वापरत. पॅलेडियम (बोर्डांत आढळणारा दुसरा मौल्यवान धातू) असेल तर रंग पिवळट तपकिरी ते निळसर हिरवा असा कुठेही जातो.

या चाचणीतच तीन फसगती आहेत. जुनं स्टॅनस क्लोराइड हवेने मरतं आणि मग भरपूर सोनं असलेल्या पाण्यावरही रंग देत नाही. म्हणून माहितीच्या सोन्याचं थोडं पाणी एका लहान बाटलीत कायम जवळ ठेवा आणि दर वेळी आधी त्यावर चाचणी करून बघा. दुसरी, पाण्यात नायट्रिक शिल्लक असेल तर जांभळा रंग क्षणभर चमकून पुसला जातो, आणि आपण ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. थेंब पडल्यापासून नजर हलवू नका. तिसरी फसगत लोखंडाची. फेरिक लोखंड जास्त असेल तर पहिले एकदोन थेंब तेच खाऊन टाकतं. अशा पाण्यावर चार-पाच थेंब टाकून मगच निकाल धरा.

पाण्यात सोनं आहे, पण बसत नाही, असं दिसलं तर पुढचं कारण वाचा. पाण्यात नाहीच, असं दिसलं तर थेट त्यापुढच्या कारणावर जा.

शिल्लक नायट्रिक

सर्वांत मोठं कारण हेच. खूण स्पष्ट असते: मेटाबायसल्फाइट पडलं तिथे तपकिरी ढग उठतो आणि ढवळलं की विरतो, सोबत लालसर धूर. सोनं खाली पडतंय आणि शिल्लक नायट्रिक त्याला परत विरघळवतंय. कितीही पावडर टाका, आधी ते नायट्रिक संपल्याशिवाय सोनं टिकणार नाही.

दागिना आपण तोलून घेतो आणि त्या वजनावर तेजाब मोजतो. १ ग्रॅम सोन्याला साधारण ४ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आणि १ मिलिलिटर तीव्र नायट्रिक पुरतं. बोर्डाच्या वेळी मात्र तुकडे बुडेपर्यंत ओतलं जातं. बादलीत सोनं २ ग्रॅम आणि नायट्रिक लिटरभर, असं प्रमाण झालं की पुढचं सगळं बिघडतं. तुकडे बुडवायला हायड्रोक्लोरिक हवं तेवढं घ्या. नायट्रिक थोडं थोडं, प्रतिक्रिया थांबली तरच पुढचं, असं द्या. शेवटी वजन करून घेतलेली शुद्ध सोन्याची लहान गाठ पाण्यात सोडणं ही जुनी आणि उत्तम युक्ती आहे. उरलेलं नायट्रिक ती गाठ खाण्यात खर्च होतं. गाठ विरघळायची थांबली म्हणजे नायट्रिक संपत आलं. झिजलेलं वजन टिपून ठेवायचं आणि शेवटच्या सोन्यातून वजा करायचं.

आधीच ओतून झालं असेल तर दोन वाटा आहेत. पाणी उकळू न देता मंद आचेवर आटवून सरबतासारखं दाट करा, थोडं हायड्रोक्लोरिक घाला, पुन्हा आटवा, असं तीनदा. कोरडं होऊ देऊ नका, सोन्याचा क्लोराइड जास्त तापला की विघटित होतो. यात वेळ जातो आणि धूर फार. मला सल्फामिक आम्लाची वाट जास्त पसंत आहे. गरम पाण्यात चमचा चमचा टाकायचं. ते नायट्रिकला थेट मोडतं आणि मागे गंधकाम्ल ठेवतं, त्यामुळे शिसं असेल तर तेही पांढरं होऊन खाली बसतं. शिल्लक नायट्रिकच्या दर मिलिलिटरमागे सुमारे दीड ग्रॅम लागतं. घाई केली तर फेस भांड्याबाहेर येतो. टाकल्यावर फसफसणं थांबलं की काम झालं. युरिया टाकायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण युरिया नायट्रस आम्ल काढतो, नायट्रिक तसंच राहतं. फसफस दिसते म्हणून समाधान वाटतं, एवढंच.

यानंतर पाणी थंड करून तिप्पट पातळ करा. विरघळून राहिलेली चांदी क्लोराइड होऊन बाहेर पडते. गाळून घ्या, मग निवळीत सोनं पाडा.

धातू शिल्लक राहिला

पाण्यात चाचणी ‘नाही’ म्हणते, पण तळाशी काळसर भुकटी आणि अर्धवट खाल्लेले तुकडे आहेत. मग सोनं त्या भुकटीत आहे. तांबं, निकेल किंवा लोखंड धातूच्या रूपात शिल्लक असेपर्यंत विरघळलेलं सोनं पुन्हा त्यांच्यावरच येऊन बसतं. रंग सोनेरी नसतो, काजळीसारखा असतो, आणि म्हणून ती ‘घाण’ समजून धुऊन टाकली जाते. जुन्या प्रोसेसरच्या पिना लोखंड-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या असतात. तिथे हे हमखास घडतं.

उपाय क्रमाचा आहे. आधी सोनं नसलेलं सगळं काढायचं. पट्ट्या छाटून घेतल्या असतील तर हलक्या आम्लात हवा फुंकत त्यांच्या खालचं तांबं-निकेल विरघळवा. सोन्याचा वर्ख सुटून तरंगतो, तो गाळून धुवा आणि फक्त त्यालाच आम्लराज द्या. चार-दोन दिवस जास्त लागतात, पण पुढे बादलीभर हिरव्या पाण्याऐवजी वाटीभर पिवळं पाणी हाताळायचं असतं. आधीच मिसळ झाली असेल तर सगळी काळी भुकटी गोळा करा, तुकडे खरवडून घ्या, उरलेला धातू विरघळवा आणि धुतलेल्या भुकटीपासून नव्याने सुरुवात करा.

जांभळं पाणी, लगद्यासारखा गाळ

हे कथील. बोर्डावरचा डाख (सोल्डर) न काढता नायट्रिक ओतलं की कथिलाचा चिकट पांढरा लगदा होतो. तो फिल्टर पेपर बुजवतो आणि सोन्याचं पाणी पोटात धरून ठेवतो. हायड्रोक्लोरिकमध्ये उतरलेलं कथील त्याहून त्रासदायक. ते सोन्याला इतक्या सूक्ष्म कणांत पाडतं की अख्खं भांडं जांभळं होतं. ज्या प्रतिक्रियेवर आपण थेंबाची चाचणी करतो, तीच इथे बादलीत होते. असं जांभळं सोनं महिनाभर ठेवलं तरी बसत नाही आणि कागदातून आरपार जातं.

डाख आधी गरम करून पाडा, राहिलेला नुसत्या हायड्रोक्लोरिकने धुवा, ते पाणी वेगळं काढा. लगदा झालाच असेल तर झगडत बसू नका. तो वाळवा, लाल होईपर्यंत भाजा, मग हायड्रोक्लोरिकने धुऊन पुन्हा आम्लराज द्या. भाजल्यावर कथिलाचा ऑक्साइड आम्लाला जुमानत नाही, कोरडा आणि गाळता येण्याजोगा राहतो. सोनं सुटतं.

भाजण्यावरून एक गोष्ट. चिप जाळून राख करताना ती काळी राहिली तर तिच्यातला कोळसा विरघळलेलं सोनं शोषून घेतो. खाणीत सोनं पकडायला सक्रिय कोळसा वापरतात तो याच गुणामुळे. राख पांढरट-करडी होईपर्यंत जाळा, आणि हे फक्त धूर पूर्ण जाळून धुणाऱ्या भट्टीतच. बोर्डांतल्या ब्रोमीनयुक्त रसायनांचा उघडा धूर माणसांच्या अंगात राहतो. भंगार वस्त्यांतली लहान मुलं तो रोज घेतात, आणि हे बघून स्वस्थ बसवत नाही.

पाडणारं रसायनच मेलेलं

मेटाबायसल्फाइट दमट हवेत निकामी होतं. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा गंधकाचा वास नसेल तर नवं आणा. हिराकस हिरवट असावा, पिवळा-तपकिरी झालेला चालत नाही. हिशेबाने १ ग्रॅम सोन्याला मेटाबायसल्फाइट पाऊण ग्रॅमच्या आत आणि हिराकस सव्वाचार ग्रॅम लागतो, प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. दुप्पट-तिप्पट देऊनही काही होत नसेल तर हात आवरा, अडचण दुसरीकडे आहे. तांब्याच्या पाण्यात मेटाबायसल्फाइट फार झालं की पांढरा साका पडतो. तो तांब्याचा, तीव्र हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळतो. उन्हात जांभळट काळा पडला तर चांदीचा, गरम पाण्यात विरघळला तर शिशाचा. प्लॅटिनम-पॅलेडियमची शंका असेल तर हिराकस बरा, तो सोनं निवडून पाडतो.

बसलं, पण वजन कमी भरलं

पाडलेलं सोनं रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी घाईने ओतलं की बारीक सोनं त्याबरोबर जातं. भुकटी हलक्या हायड्रोक्लोरिकमध्ये उकळून पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा. उकळल्याने कणही गोळा होतात. दर धुण्याच्या पाण्यावर थेंबाची चाचणी करा. वितळवताना गॅसची ज्योत थेट भुकटीवर मारू नका, ती उडते. भुकटी कागदात गुंडाळून टाकणखाराने काचवलेल्या मुशीत ठेवा. मुशीच्या काठाला आणि टाकणखारात चिकटलेले रवे फोडून, चाळून परत घ्या. झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या सराफकट्ट्याची धूळ याच चिकाटीने धूत आले आहेत.

संपलेलं पाणी एका टाकीत साठवा आणि त्यात तांब्याची जाड पट्टी लटकवून ठेवा. राहिलेलं सोनं आणि पॅलेडियम तिच्यावर काळं होऊन बसतं. चाचणी पूर्ण ‘नाही’ आली की ते पाणी दुसऱ्या टाकीत लोखंडावर सोडा, तांबं परत मिळेल. मग चुन्याने आम्ल मारा. खाली बसलेला निकेल-लोखंडाचा गाळ घातक कचरा आहे. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रावर पावतीनिशी जायला हवा. गटारात नाही, नाल्यात नाही. तांब्याच्या टाकीतली काळी भुकटी मात्र पुढच्या लॉटसोबत गाळायला काढून ठेवा. पॅलेडियम असेल तर डायमिथिलग्लायॉक्झिम या रसायनाने पिवळाधमक साका येतो, आणि मग ती भुकटी सोन्यात न मिसळता वेगळीच जमवायची.